रनीमीडची पायी फेरी : एका निवृत्त नाझराचा अभिप्राय

आधी कामाचं सांगतो. इंग्लंडमधल्या रनीमीडच्या कुरणाची, म्हणजे मॅग्ना कार्टा ही सनद जिथे झाली त्या जागेची, ही मार्गदर्शकासह पायी फेरी साधारण अडीच तासांची आहे, माणशी 20 पौंडांच्या आसपास पडते, आणि माझ्याकडून तिला पाचपैकी साडेतीन तारे. कुरणात जायला मुळात पैसे लागत नाहीत. जागा नॅशनल ट्रस्ट ह्या जुन्या जागा जपणाऱ्या संस्थेच्या ताब्यात आहे, वर्षभर खुली असते. पैसे पडतात ते गाडी लावायचे. म्हणजे फेरीचे पैसे आपण देतो ते सांगणाऱ्या माणसाचे. म्हणून हा अभिप्रायही जागेपेक्षा सांगण्याबद्दलच जास्त आहे. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. धंदा लहान आहे, आणि तक्रारी त्यांना मी स्वतंत्र कळवल्या आहेत.

जागा कुठली, तर लंडनच्या पश्चिमेला, थेम्सच्या काठी, विंडसर आणि स्टेन्स यांच्या मधलं कुरण. 15 जून 1215 रोजी इंग्लंडच्या जॉन राजानं आपल्या बंडखोर सरदारांच्या मागण्या इथे मान्य केल्या. तीच पुढे मॅग्ना कार्टा म्हणून ओळखली जाणारी सनद. राजाच्या सत्तेला लेखी हद्द घालायची आणि ती हद्द राजाकडूनच वदवून घ्यायची, ह्या प्रकाराचा सगळ्यात गाजलेला दाखला. लेक स्लाउला राहते, तिथून गाडीनं जवळ. बरोबर सौ. आणि आमचे व्याही आप्पासाहेब.

मी कोण, हे सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. सातारा जिल्ह्यातल्या कोर्टांत नोकरी केली, नाझर म्हणून निवृत्त झालो. कोर्टाची पायरी ज्यांना चढावी लागली नाही त्यांच्यासाठी : न्यायाधीश हुकूमनामा करतात आणि उठून जातात. तो हुकूमनामा माणसाच्या दारापर्यंत नेणारे बेलीफ नाझराच्या हाताखाली असतात. समन्स, जप्ती, कब्जा, दवंडी, सगळं आमच्या टेबलावरून जायचं. त्यामुळे कायदा म्हटलं की मला न्यायदेवतेचा पुतळा दिसत नाही. दारात उभा असलेला बेलीफ आणि आतून भांडी लपवणारी बाई दिसते.

पहिली तक्रार माहितीपत्रकाची. त्यावर जॉन राजा पिसाची लेखणी घेऊन सही करतोय असं झकास रंगीत चित्र आहे. राजानं सही केलेलीच नाही! त्या काळी असा दस्त शिक्क्यानं पक्का व्हायचा. मेणाचा भला मोठा राजमुद्रेचा शिक्का कागदाला लटकवायचा. तोही कागद नव्हे, चामडं. लॅटिनमध्ये, जागा वाचवायला शब्द तोडून तोडून लिहिलेलं. मार्गदर्शक बाईंनी हे स्वतः नीट सांगितलं, म्हणजे त्यांना माहीत आहे. मग चित्र कोणी छापलं? सही आणि शिक्का यांत घोळ घालणारा कारकून आमच्याकडे नक्कल विभागात दोन दिवस टिकला नसता.

दुसरं, मूळ सनद इथे नाही, हे जाहिरातीत ठळक लिहायला हवं होतं. आमच्या गटातलं एक कुटुंब ‘डॉक्युमेंट’ कुठे ठेवलंय म्हणून शेवटपर्यंत विचारत होतं. 1215 च्या मूळ प्रतींपैकी आज चार शिल्लक आहेत. दोन लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत, एक लिंकनला, एक सॉल्झबरीच्या कॅथीड्रलमध्ये. ब्रिटिश लायब्ररीतल्या एका प्रतीचे 1731 च्या आगीत हाल झाले, शिक्का वितळून गोळा झालाय. वाचण्याजोगी प्रत बघायची असेल तर सॉल्झबरी गाठा.

आता कुरण. पहिल्या दर्शनी निराशा होते, हे आधीच सांगून ठेवतो. गवत, नदी, मधोमध वाहता रस्ता आणि डोक्यावर हीथ्रोची विमानं. विमान आलं की बाई वाक्य अर्धवट सोडून थांबायच्या आणि ते गेलं की त्याच शब्दापासून पुढे. जागा निवडण्यामागचं कारण मात्र त्यांनी छान उलगडून सांगितलं. विंडसरचा किल्ला राजाचा. सरदारांचा तळ स्टेन्सच्या बाजूला, आणि लंडन शहर त्यांनी 17 मे रोजीच ताब्यात घेतलेलं. दोघांनाही दुसऱ्याच्या अंगणात जायचं नव्हतं. बांधाच्या भांडणात दोन भाऊबंद एकमेकांच्या ओट्यावर न जाता बांधावरच पंच बोलावतात, तसलाच मामला. भांडण पैशावरून. 1204 मध्ये फ्रान्समधला नॉर्मंडी हा मुलूख राजाच्या हातचा गेला, तो परत मिळवायला त्यानं वर्षानुवर्षं सरदारांना पिळलं, आणि 1214 मध्ये बूव्हीनच्या लढाईत त्याच्या दोस्तांची फौज हरली. पैसेही गेले आणि अब्रूही. त्यानंतर सरदार गप्प बसणं अवघडच होतं.

कुरणाच्या टोकांना टुमदार दगड-विटांच्या चौक्या आहेत, त्या एडविन लट्यन्स यांच्या हातच्या. नवी दिल्ली आखणारे वास्तुकार तेच. बाईंनी नाव घेतलं आणि पुढे चालायला लागल्या. दिल्लीचा उल्लेख आप्पासाहेबांनी केला.

मग टेकडीच्या पायथ्याचं घुमटाचं स्मारक. ते 1957 मध्ये अमेरिकन बार असोसिएशननं बांधलं. इंग्लंडच्या राजाला वेसण घातल्याचं स्मारक अमेरिकेच्या वकिलांनी उभारावं, ह्यातच बरंच काही आलं. तोवर इंग्रजांना इथे असं काही बांधावंसं वाटलेलं दिसत नाही. ह्याच आवारात एक ओकचं झाड आहे, त्याच्यापाशी पाटी आहे : 16 मार्च 1994, पी. व्ही. नरसिंह राव, भारताचे पंतप्रधान. भारताच्या लोकांनी जपलेली आणि आपल्या संविधानात कोरून ठेवलेली मूल्यं, अशा आशयाचा मजकूर आहे. आता राव म्हणजे रामटेकमधून दोनदा लोकसभेवर गेलेले, मराठी अस्खलित बोलणारे. आपलाच माणूस म्हणायचा. फेरीत ह्या झाडासाठी थांबत नाहीत. आपण थांबावं.

केनेडी स्मारकाला मात्र भरपूर वेळ देतात. पन्नास पायऱ्या, ओल्या असल्या की निसरड्या. सौ.च्या गुडघ्यांनी विसाव्या पायरीवर नकार दिला. वर मोठा पांढरा दगड आहे, फोटो काढतात. बाकी सनदेशी त्याचा संबंध भाषणापुरताच.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. झाडाखाली बसवून बाईंनी सगळ्यांना एकेक प्लास्टिकमधला कागद दिला. त्यावर तीन-चार कलमं. पहिली दोन सगळ्या जगाला माहीत असलेली, 39 आणि 40. कोणाही स्वतंत्र माणसाला त्याच्या बरोबरीच्या लोकांच्या कायदेशीर निवाड्याशिवाय किंवा देशाच्या कायद्याशिवाय पकडणार नाही, कोंडणार नाही, त्याचं काही हिरावणार नाही. आणि न्याय आम्ही कोणाला विकणार नाही, नाकारणार नाही, लांबवणार नाही. बाईंनी ते आवाज चढवून वाचलं, एकदोघांनी टाळ्याही वाजवल्या. ‘लोकशाहीचा जन्म इथे झाला’ असं वाक्य आलं. ते वाक्य मला पटत नाही. ह्या सगळ्या व्यवहारात लोक नावाला होते. ‘स्वतंत्र माणूस’ म्हटलंय, आणि त्या वेळचे शेतकरी बहुसंख्य जमीनदाराला बांधलेली कुळं होती. त्यांना हे कलम लागूच नव्हतं.

मी विचारलं, 9 आणि 20 कुठे आहेत? बाईंनी चष्म्यावरून पाहिलं, आणि पिशवीतून अख्खी सनद छापलेली वही काढली. इथून पुढची वीस मिनिटं ह्या फेरीचे खरे पैसे वसूल झाले. (कलमांना आकडे नंतरच्या लोकांनी दिले, मूळ मजकूर एकसलग आहे. हेही त्यांनी सांगितलं. अशी बाई आमच्या रेकॉर्ड रूमला हवी होती.)

कलम 9 : कर्जदाराची जंगम मालमत्ता पुरेशी असेल तोवर राजा किंवा त्याचे अंमलदार त्याच्या जमिनीला हात लावणार नाहीत. कलम 20 : दंड गुन्ह्याच्या मानानं. आणि दंड करताना व्यापाऱ्याचा माल सोडायचा, बांधील कुळाचं शेतीचं साधन सोडायचं. दंड किती ते शेजारपाजारच्या सचोटीच्या माणसांनी शपथेवर ठरवायचं. म्हणजे पंच! आणि बांधील कुळाचं नाव इथे आलंय बघा. मोठ्या शब्दांच्या कलमात ज्याला जागा नव्हती, त्याला जप्तीच्या कलमात मिळाली.

मी उठून बाईंना आमचं दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 60 तोंडपाठ सांगितलं. 1908 चा कायदा. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, मंगळसूत्रासारखा धर्मानं काढता न येणारा दागिना, कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याची औतं, औताची जनावरं, बी-बियाणं : ह्यांना जप्ती लागत नाही. बेलीफ नवा असला की हे त्याच्याकडून घोकून घ्यावं लागतं, कारण डिक्रीदार, म्हणजे ज्याच्या बाजूनं निकाल लागला तो, बरोबर असतो आणि तो बोट दाखवत सुटतो, हे पण घ्या, ते पण घ्या. एकदा आमच्या एका बेलिफानं लोहाराचा भाता उचलून आणला होता. दुसऱ्या दिवशी न्यायाधीशांनी तो त्यालाच खांद्यावरून परत पोचवायला लावला. सत्तेची हद्द म्हणजे माझ्या लेखी हे. घरात शिरायचा हुकूम हातात आहे, आणि तरी चुलीवरच्या पातेल्याला हात लावता येत नाही.

आप्पासाहेबांनी इथे शिवाजी महाराजांचा दाखला दिला : रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नये. बाईंना आवडला, त्यांनी वहीत लिहून घेतला. सनदेतही अगदी तसंच आहे : कलम 28, धान्य घ्याल तर पैसे मोजा, कलम 30, घोडा-गाडी मालकाच्या संमतीशिवाय नेऊ नका. पण एक फरक मी आप्पासाहेबांना दाखवला, आणि त्यावर गाडीत घरी येईपर्यंत वाद चालला. महाराजांची ती आज्ञा चाकरांना होती. आज्ञा करणारा राजा चांगला होता म्हणून ती झाली. इथे राजा वाईट होता म्हणून त्यालाच लिहून द्यावं लागलं. आप्पासाहेबांचं म्हणणं, चांगला राजा मिळाला तर लिहून घ्यायचं कारण काय? मी म्हटलं, त्याच्या मागून कोण येणार हे तुम्हाला माहीत असतं का?

मग 61. हे कलम कागदावर नव्हतंच, आणि फेरीतली ही सगळ्यात मोठी उणीव. अख्ख्या सनदेत मला सगळ्यात थक्क करणारं हेच. सरदारांनी 25 जण निवडायचे. त्यांत लंडनचा महापौरही होता. राजानं किंवा त्याच्या माणसानं सनद मोडली तर त्यांतल्या चौघांनी राजाकडे जाऊन चूक सांगायची. 40 दिवसांची मुदत. मुदतीत दुरुस्ती झाली नाही तर चौघांनी प्रकरण 25 जणांपुढे ठेवायचं, आणि मग त्यांनी राजाचे किल्ले, जमिनी, मालमत्ता जप्त करायची. राजा, राणी आणि मुलं यांच्या अंगाला मात्र हात लावायचा नाही. दुरुस्ती झाली की पुन्हा पहिल्यासारखं आज्ञेत राहायचं.

वाचता वाचता मी हसायलाच लागलो. नोटीस, मुदत, जप्ती, जप्तीतून वगळलेलं काय, आणि वसुली झाली की वॉरंट संपलं. राजावर काढलेली दरखास्त आहे ती, म्हणजे हुकूमनामा वसूल करून घ्यायचा अर्ज! ज्या पद्धतीनं राजाचे बेलीफ रयतेच्या दारात जायचे, तीच पद्धत उलटी फिरवून राजाच्या दारात आणली. राजाला शिव्या घालणारे, राजाला ठार मारणारे जगात पुष्कळ झाले. राजाला नोटीस काढून मुदत देणारे विरळा.

ती अंमलात का आली नाही, हेही नाझर म्हणून मला लगेच दिसलं. डिक्रीदार तेच, न्यायाधीश तेच आणि बेलीफही तेच 25 जण. आमच्याकडे डिक्रीदाराच्या गाडीतून बेलीफ गेला तरी ऋणको अर्ज ठोकतो. इथे तर सगळंच एका खिशात. राजानं पोपकडे धाव घेतली. 1213 मध्ये त्यानं राज्यच पोपच्या पायाशी ठेवून त्याचं मांडलिकत्व पत्करलं होतं, ते आता उपयोगी पडलं. तिसऱ्या इनोसंटनं 24 ऑगस्टला सनद रद्द ठरवली. जूनमधला करार सप्टेंबरपर्यंत मोडला आणि लढाई जुंपली.

फेरीतलं सांगणं इथे थांबतं, आणि गोष्ट खरं तर इथून पुढे लागते. बाईंनी आम्हा तिघांना ती नदीकाठानं चालता चालता सांगितली, बाकीचे फोटोत होते. ऑक्टोबर 1216 मध्ये जॉन मेला. मुलगा हेन्री नऊ वर्षांचा. त्याचा कारभारी विल्यम मार्शल यानं पुढच्याच महिन्यात सनद पुन्हा काढली, 1217 मध्ये परत, आणि 1225 मध्ये हेन्रीनं स्वतः. 25 सरदारांचं कलम त्यांतून गायब. त्याच्या जागी काय आलं? पैसा. 1225 मध्ये राजाला लोकांच्या जंगम मालमत्तेचा पंधरावा हिस्सा कर म्हणून मिळाला आणि बदल्यात सनद मिळाली. पुढच्या राजांनाही लढाईला पैसे लागत गेले, आणि पैसे मागायला आले की आधी सनद कबूल करा, असं लोक म्हणत गेले. 1297 मध्ये पहिल्या एडवर्डनं कबूल केलेली सनद कायद्यांच्या पटावर चढली, आणि त्यातलं 29 वं कलम, म्हणजे मूळची 39 आणि 40 एकत्र, आजही इंग्लंडच्या कायद्यात आहे. किल्ले जप्त करायची धमकी तीन महिने चालली नाही, आणि तिजोरीची किल्ली धरून ठेवणं शतकानुशतकं चाललं. आपल्या संविधानाच्या अनुच्छेद 265 मध्ये एकाच ओळीत आहे, कायद्यानं अधिकार दिल्याखेरीज कर बसवता येणार नाही. ती ओळ कुठून चालत आली ते इथे कळतं. फेरीवाल्यांनी केनेडीची दहा मिनिटं काढून इथे घालावीत, ही माझी लेखी सूचना आहे.

कुरणात 12 ब्राँझच्या खुर्च्या मांडल्या आहेत. ह्यू लॉक नावाच्या कलाकाराचं 2015 चं काम, ‘द ज्युरर्स’. प्रत्येकीवर न्याय-अन्यायाच्या गोष्टींची उठावदार घडवलेली चित्रं. मंडेलांची रॉबेन बेटावरची कोठडीही आहे. बसायला परवानगी आहे, बसावं. एका खुर्चीवर कॉर्नेलिया सोराबजी आहेत. नाशिकला जन्मलेल्या, पुण्याच्या डेक्कन कॉलेजातल्या. ऑक्सफर्डला 1892 मध्ये कायद्याची परीक्षा दिली, पण बाई म्हणून पदवी हातात पडायला 1922 उजाडलं. आमची सौ. नाशिकची. तिनं खुर्चीवरून हात फिरवला आणि मला म्हणाली, “अहो, तुमच्या सनदेत बायकांचं काय लिहिलंय?” आहे ते सांगितलं. कलम 8, विधवेवर पुन्हा लग्नाची सक्ती नाही. कलम 54, बाईच्या फिर्यादीवरून खुनासाठी कोणाला अटक नाही, मेलेला तिचा नवरा असल्याखेरीज. दुसरं ऐकून तिनं पर्समधून शेंगदाण्याची चिक्की काढली आणि आप्पासाहेबांना दिली, मला नाही.

शेवटचा थांबा मार्क वॉलिंजरचं 2018 चं ‘रिट इन वॉटर’. दगडी गोल इमारत, आत अंधारी वाट, मधे उघड्या आभाळाखाली पाण्याचं कुंड. कुंडाच्या आतल्या कडेला 39 वं कलम उलट्या अक्षरांत आहे. पाण्यातल्या प्रतिबिंबात ते सुलटं वाचता येतं. फिरत फिरत वाचावं लागतं, एका जागी उभं राहून पूर्ण वाक्य दिसत नाही. आमच्या वेळी एक लहान मुलगा पाण्यात बोटं घालत होता आणि दर वेळी कायदा विस्कटत होता. त्याची आई ओशाळली, मी म्हटलं असू दे. मला स्मारकांचं फारसं कौतुक नाही, पण हे चुकवू नका.

सूचना : बूट जाडजूड घाला, नदीकाठचं गवत दुपारपर्यंत ओलं असतं. फेरीच्या मधे स्वच्छतागृह नाही, आधीच उरकून घ्या. खाणं घरून न्यावं. आम्ही दशम्या आणि थर्मासमधला चहा नेला होता, त्यावर बाईंनीही हात मारला. शनिवार-रविवार टाळा. इंग्रजी हळू आणि स्पष्ट बोलतात, ज्येष्ठांना अडचण नाही. आणि कागद हातात पडला की लगेच 20 आणि 61 मागा, बाईंच्या पिशवीत वही असते.

दीड तारा कापला तो माहितीपत्रकाचं चित्र, कागदावर नसलेलं 61 आणि केनेडीच्या पायऱ्या ह्यांच्यासाठी. सहीच्या चित्राबद्दल कंपनीला ई-मेल केला होता. उलट टपाली उत्तर आलं, आभार मानलेत, पुढच्या छपाईत दुरुस्त करू म्हणतात. कधी, ते लिहिलेलं नाही. मी 40 दिवसांची मुदत कळवली आहे.